पत्त्यांचे नियम सर्व्हरच्या भरवशावर सोडू नका

परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं संकेतस्थळ तुम्ही हौसेने सांभाळत असाल, तर आमची फजिती ऐका. गेल्या वर्षी आम्ही मंडळाचं संकेतस्थळ एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवलं. फाइल्स त्याच, डेटाबेस तोच. फक्त अपाचे या वेब सर्व्हरच्या जागी एंजिनएक्स आला. मुखपृष्ठ उघडलं, गणेशोत्सवाचे फोटो दिसले, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन आला. दिवाळी अंकातल्या त्यांच्या जुन्या लेखाची लिंक चालत नव्हती. कारण शोधताना कळलं की जे उघडायला नको, तेही उघडत होतं : सभासदांची यादी, फोन नंबरांसकट.

दोन्हींचं मूळ एकच. ब्राउझरमधला पत्ता म्हणजे सर्व्हरवरच्या फाइलीची जागा, असं नसतं. '/अंक/२००९/४' अशी मागणी आली की ती कुठल्या प्रोग्रॅमकडे पाठवायची, हे नियम ठरवतात. अपाचेमध्ये हे नियम फोल्डरमधल्या 'डॉट-एचटीॲक्सेस' फाइलीत लिहिता येतात, आणि फोल्डरला कुलूप लावणारा नियमही तिथेच. एंजिनएक्स ही फाइल वाचतच नाही. तक्रारही करत नाही. त्यामुळे रस्ता दाखवणारी पाटी गेली आणि दाराचं कुलूपही गेलं.

मग नियमांचं ओळीला ओळ भाषांतर करायचं? मीही तेच करायला बसलो होतो. पण अपाचेचे रीराइट नियम लिहिलेल्या क्रमाने तपासले जातात. एंजिनएक्स आधी सर्वांत लांब जुळणारा उपसर्ग शोधून ठेवतो, मग पॅटर्न क्रमाने तपासतो, आणि एखादा पॅटर्न जुळला तर सहसा तोच जिंकतो. अपाचेच्या अपाचेतसुद्धा सुटका नाही. तोच नियम फोल्डरमधल्या फाइलीतून मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये नेलात तर पत्त्याच्या सुरुवातीला तिरपी रेघ येते, जी फोल्डरमध्ये आधीच कापलेली असते. नियम तोच, अर्थ वेगळा.

म्हणून माझं मत असं : आपल्या पत्त्यांचा अर्थ आपल्या ॲप्लिकेशनच्या कोडमध्येच असावा. सर्व्हरला एवढंच सांगावं की मागितलेली फाइल प्रत्यक्षात असेल तर ती दे, नाहीतर सगळं एका प्रोग्रॅमकडे पाठव. वर्डप्रेस हेच करतं, आणि एंजिनएक्समध्ये हे एका ओळीत होतं. जावाच्या सर्व्हलेटवाल्यांनी तर जुळवणीचा क्रम मानकातच लिहून ठेवला, त्यामुळे टॉमकॅटवरून जेटीवर जाताना निदान या बाबतीत झोप उडत नाही.

सर्व्हर हे काम जास्त वेगाने करतो, असं कोणी म्हणेल. चित्रांसाठी ते खरंच आहे, आणि ती त्याने द्यावीतच. पण मंडळाच्या संकेतस्थळाला दिवसाला येणाऱ्या भेटी पाहता वेगाचा मुद्दा मला हास्यास्पद वाटतो. खासगी फाइल्स तर सर्व्हर जे फोल्डर जगाला दाखवतो, त्याच्या बाहेरच ठेवा. तिथे कुलपाचा नियम लागतच नाही.

मराठी पत्ते असतील तर आणखी एक गंमत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून 'दिवाळी' हा शब्द पत्त्यात सांकेतिक रूपात ५४ अक्षरं लांब होतो. फक्त रोमन अक्षरं आणि अंक ओळखणारा पॅटर्न त्याला हात लावत नाही. शिवाय 'दुसऱ्या'मधला ऱ एका चिन्हाने किंवा र आणि नुक्ता मिळून लिहिता येतो. डोळ्यांना सारखाच, सर्व्हरला वेगळा. हे सावरणं कोडमध्ये सोपं आहे, कॉन्फिगरेशनमध्ये डोकेदुखी.

हलवण्यापूर्वी जुन्या लॉगमधून मागितले गेलेले पत्ते काढा आणि नव्या सर्व्हरला एकेक विचारून पाहा. जे बंद असायला हवेत, तेही विचारा. आम्ही हे नंतर केलं. काकूंचा लेख आता उघडतो. पण नव्या लॉगमध्ये त्या दोन दिवसांत सभासद यादी तीनदा मागितलेली दिसली. त्यातल्या दोन वेळा मीच होतो. तिसरं कोण, ते कळलं नाही. सगळ्या सभासदांना ईमेल लिहून तसं कळवलं.