दुःसाध्य अपस्मार म्हणजे असाध्य अपस्मार नव्हे : रुग्ण व कुटुंबीयांना जाहीर आवाहन

अपस्मार, म्हणजेच बोलीभाषेत फिट, फेफरे किंवा आकडी म्हणून ओळखला जाणारा मेंदूचा विकार, बहुतेक रुग्णांमध्ये गोळ्यांनी आटोक्यात येतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांमध्ये मात्र तो औषधांना दाद देत नाही, आणि अशा विकाराला वैद्यकात ‘रिफ्रॅक्टरी’ म्हणजे दुःसाध्य म्हटले जाते. हा शब्द कानी पडताच काही कुटुंबे उपचारांची आशाच सोडतात, ही अत्यंत क्लेशदायक गोष्ट आहे.

अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१० च्या व्याख्येनुसार, विकाराच्या प्रकाराला योग्य, रुग्णाला सोसणारी आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे, स्वतंत्रपणे वा एकत्र देऊनही, झटके कायमचे थांबवू शकली नाहीत, तरच विकार दुःसाध्य ठरतो. या ‘दोन’ला आधार आहे. क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्या आणि १३ टक्के दुसऱ्या औषधाने झटकामुक्त झाले. त्यापुढील सर्व प्रयत्नांतून केवळ ४ टक्क्यांची भर पडली. म्हणूनच दोन औषधे अपयशी ठरल्यावर वर्षानुवर्षे गोळ्या बदलत राहणे हा रुग्णावर अन्याय होय.

अर्थात, गोळ्या चुकल्याने झटके येत असतील किंवा ते मुळात अपस्माराचे नसून मानसिक ताणातून उद्भवत असतील, तर विकार दुःसाध्य म्हणता येत नाही. झटके अपस्माराचे आहेत की नाहीत, याचा उलगडा व्हिडिओ ईईजीने, म्हणजे झटक्याचे चित्रण आणि मेंदूतील विद्युतलहरींची नोंद एकाच वेळी करणाऱ्या तपासणीने होतो. झटक्यांचे उगमस्थान निश्चित झाल्यास काही रुग्णांवर शस्त्रक्रियाही करता येते. कानशिलाजवळील मेंदूच्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्मारावरील, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत, शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षाअखेर भान हरपवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवरील गटात हे प्रमाण ८ टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. मुलांसाठी कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध व अत्यल्प पिष्टमय, आहाराचा उपचारही वैद्यकीय देखरेखीखाली दिला जातो.

तरी अशा सर्व रुग्णांनी व कुटुंबीयांनी झटक्यांची तारीखवार नोंद आणि शक्य असल्यास मोबाइलवरील चित्रण सोबत घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे, अपस्मार केंद्राकडे पाठवण्याविषयी त्यांना स्पष्टपणे विचारावे, झटक्यात कांदा वा चप्पल हुंगवू नये आणि चालू गोळ्या स्वतःहून कदापि बंद करू नयेत, असे कळकळीचे आवाहन करण्यात येत आहे.