इंग्लंडमध्ये ११४ बळी, तरी कर्णधारपद नाही! बाळू पालवणकरांची कारकीर्द काय सांगते?

चाळीसगाव : 'खेळात जात नसते, फक्त गुणवत्ता असते,' असं सहज म्हटलं जातं. भारताच्या पहिल्या मोठ्या फिरकी गोलंदाजाची कारकीर्द मात्र वेगळंच सांगते.

कोण होते बाळू?
जन्म धारवाडचा, समाज चर्मकार. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात ते महिना ४ रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करायचे. इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा.

१९११ मध्ये काय घडलं?
पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी ११४ बळी घेतले. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही.

मग कर्णधारपद?
हिंदू संघाने ते त्यांना कधीच दिलं नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळलं गेलं, भाऊ विठ्ठल यांनाही कर्णधारपद नाकारलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली. निवड करणाऱ्यांना नमावं लागलं आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

चाळीसगावशी संबंध काय?
थेट नाही, पण अनुभव तोच. १९२९ मध्ये धुळ्याहून मुंबईला परतताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. शेवटी नवख्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. परदेशातल्या पदव्यांनी साधा टांगेवाला मिळाला नाही. ११४ बळींनी कर्णधारपद मिळालं नाही.

आज याचं काय?
गुणवत्तेने दार किलकिलं होतं. पूर्ण उघडतं ते हक्क मागितल्यावर. बाळूंचे बळी १९११ मध्येही सगळ्यांना दिसत होते. बदल घडला तो दोन भावांनी 'नाही' म्हटल्यावर. म्हणूनच तालुक्याच्या संघातही कोणाला, कशासाठी निवडलं, हे उघडपणे सांगितलं गेलं पाहिजे. 'गुणवत्ता पाहिली' एवढं उत्तर पुरेसं नाही.