नॉर्डिक संघ असता तर… होड्या कुठे लागल्या असत्या?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून आपल्याकडे जर-तरची वासलात लावतात. मी तसं म्हणणार नाही. पर्यायी इतिहास हा खेळ असला तरी तो बुद्धीचा खेळ आहे, म्हणून त्यात हिशेब चोख हवा. ‘दुसऱ्या महायुद्धात स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड एका संघात असते तर’ या अनेकांच्या लाडक्या कल्पनेत नेमका तोच नसतो.

कल्पना अशी : १३९७ ते १५२३ काल्मारचा संघ होताच. तसाच संघ १९३९ साली असता, तर फिनलंडवर चाल करायची स्टालिनची छाती झाली नसती आणि ९ एप्रिल १९४० रोजी हिटलरचं सैन्य डेन्मार्क-नॉर्वेत उतरलं नसतं. एकीचं बळ! शाळेतली काठ्यांच्या मोळीची गोष्टच ही.

पण मोळी बांधायची कुणाविरुद्ध? फिनलंडला भीती रशियाची. डेन्मार्कला जर्मनीची, इतकी, की मे १९३९मध्ये त्याने जर्मनीशी अनाक्रमण करार केला. बाकी तिघांनी तो नाकारला होता. आणि स्वीडन जर्मनीला लोहखनिज विकत होता. चौघांची संकटं चार प्रकारची होती. एक झेंडा शिवल्याने ती एक होत नाहीत.

शिवाय एकीचा प्रयत्न झालाच नाही, असंही नाही. मार्च १९४०मध्ये हिवाळी युद्ध संपताच फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे यांच्या संरक्षण कराराचा विषय निघाला. मॉस्कोने विरोध केला. त्याच वर्षी पुढे फिनलंड-स्वीडन राज्यसंघाची बोलणी झाली. ती मॉस्कोला नको होती आणि बर्लिनलाही. विषय मिटला. ज्यांच्यापासून वाचायचं त्यांचाच होकार मिळेपर्यंत थांबावं लागणारी ही एकी होती. नकाशा रंगवणारे हे प्रकरण सोयीस्करपणे गाळतात.

आता खरा प्रश्न. ऑक्टोबर १९४३मध्ये डेन्मार्कमधले सात हजारांहून अधिक ज्यू ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोहोचले. बहुतेक जण कोळ्यांच्या होड्यांमधून, रात्रीच्या अंधारात. समोरचा किनारा तटस्थ होता म्हणून ते वाचले. फिनलंडची सुमारे सत्तर हजार मुलं युद्धकाळात बाहेर पाठवली गेली, त्यांतली बहुतेक स्वीडनला. संघात राहून स्वीडन युद्धात उतरला असता आणि पडला असता, तर हा किनारा उरला असता का?

याचा अर्थ स्वीडनची आरती ओवाळावी असा नाही. त्याच तटस्थ देशाच्या रेल्वेने जर्मन सैनिक रजेवर ये-जा करत होते. जून १९४१मध्ये एक अख्खी जर्मन डिव्हिजन नॉर्वेहून फिनलंडला स्वीडनमधूनच गेली. लोहखनिज आणि आसरा हे दोन्ही एकाच तटस्थतेच्या खात्यावर आहेत. एक ठेवून दुसरं खोडता येत नाही. कदाचित संघाने नॉर्वेची पाच वर्षांची गुलामी टाळली असती. मान्य. पण त्या ‘कदाचित’ची किंमत कुणी मोजली असती, हे सांगितल्याशिवाय ‘संघ हवा होता’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणं आहे.

युद्धानंतरही तेच झालं. १९४८-४९ साली स्कॅन्डिनेव्हियन संरक्षण संघाची बोलणी फिसकटली. स्वीडनला गटांपासून अलिप्त आघाडी हवी होती, तर नॉर्वेला पाश्चात्त्यांचा आधार. एकाच युद्धातून दोघांनी उलटे धडे घेतले होते. एप्रिल १९४९मध्ये नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलंड नाटोत गेले. फिनलंडने त्याआधी वर्षभर सोव्हिएत संघाशी मैत्री-करार केला होता. फिनलंड नाटोत आला २०२३ साली, स्वीडन २०२४ साली. म्हणजे पाचही देश एका संरक्षणाखाली आले ते काल्मारच्या आठवणीने नव्हे, तर रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर.

दरम्यान एकी झाली ती साध्या गोष्टींत : १९५२ची नॉर्डिक परिषद, पासपोर्टशिवाय प्रवास, १९५४पासून शेजारच्या देशात परवान्याशिवाय नोकरी. या एकीवर कुणी कादंबरी लिहीत नाही, कारण तिच्यात सेनापती नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी संघाचा रंगीत नकाशा पुढे ठेवला, तर त्याला एवढंच विचारावं : तुमच्या इतिहासात ऑक्टोबर १९४३च्या त्या रात्री होड्या कुठल्या किनाऱ्याला लागल्या?