एकदा तरी स्वतः बिल्ड करा!
प्रोजेक्टला लायब्ररी लागली की आपण एक कमांड मारतो आणि मोकळे होतो. माझं म्हणणं, एकदा तरी ती सोर्स कोडपासून बिल्ड करा. गूगलने २००८ मध्ये खुली केलेली प्रोटोबफच घ्या. डेटा आटोपशीर बाइट्समध्ये बांधणारी लायब्ररी. सीमेकमध्ये शेअर्ड लायब्ररीचा पर्याय निवडला, बिल्ड झालं, इन्स्टॉलही झालं. तरी उबुंटूवर प्रोग्रॅम अडतो : ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’! फाइल तर समोर दिसतेय. मग ‘एलडीकॉन्फिग’ चालवलं की लोडरला तिचा पत्ता कळतो. यात गेलेला तास वाया जात नाही, बॉस! प्रोग्रॅम लायब्ररी शोधतो कसा, हे नोट्स वाचून इतकं पक्कं कळत नाही. आयतं घेणारा एरर आली की मित्राला फोन लावतो. स्वतः बिल्ड केलेल्याला कुठे बघायचं ते ठाऊक असतं.