सागवान फेकून भुसा विकत घ्यायचा?

हल्ली कुणाच्याही घरी जा, स्वयंपाकघर ‘मॉड्युलर’ करायचा विषय निघतोच. पहिला सल्लाही ठरलेला: जुनी लाकडी कपाटं काढून टाका. का? तर ती जुनाट दिसतात!

या फिजूलखर्चीला माझा विरोध आहे. जुन्या घरांतली अनेक कपाटं सागवानी असतात. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे ओल आणि वाळवी त्याला सहजासहजी खात नाही. त्याच्या जागी बऱ्याचदा काय येतं? पार्टिकल बोर्ड, म्हणजे राळेत चिकटवलेला लाकडाचा चुरा. सिंकखालचा पाइप गळला की तो फुगतो, मग बिजागरीचे स्क्रूही धरत नाही.

अहो, जुना झालाय तो चेहरा, सांगाडा नाही. सांगाडा ठोकून पाहा. कुजला असेल तर हट्ट नको. मजबूत असेल तर फक्त दारं, बिजागऱ्या आणि मुठी बदला. दर्शनी चौकटीचं जुनं पॉलिश घासून काढा आणि तिच्यावर विनिअर किंवा १ मिमी सनमायका चिकटवा. घासल्याशिवाय चिकटवलं तर ते सुटणारच.

शोरूमवाला हे सांगणार नाही. त्याला अख्खं किचन विकायचंय. आधी गल्लीतल्या सुताराला विचारा.