माकडं सापडेपर्यंत

'द व्हॅक्सिन वॉर' हा विवेक अग्निहोत्री यांचा हिंदी चित्रपट 28 सप्टेंबर 2023 रोजी प्रदर्शित झाला. विषय कोव्हिडवरच्या कोव्हॅक्सिन लशीच्या निर्मितीचा आणि आधार बलराम भार्गव यांच्या 'गोइंग व्हायरल' या पुस्तकाचा. त्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) महासंचालक असलेल्या भार्गवांचं काम नाना पाटेकरांनी केलं आहे, तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तत्कालीन संचालक प्रिया अब्राहम यांचं पल्लवी जोशींनी. 'कांतारा' या कन्नड चित्रपटातली सप्तमी गौडाही त्यात आहे, हे बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या प्रेक्षकांना वेगळं सांगायला नको.

कोव्हॅक्सिन ही मारलेल्या विषाणूची लस. पुण्यात वेगळा केलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला. तिथे तो व्हेरो पेशींत, म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या पेशींत, वाढवला गेला आणि मग बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निकामी केला गेला. पुढची चाचणीही माकडांवरच. त्यासाठी लागणारी ऱ्हिसस माकडं टाळेबंदीत कुठे मिळेनात. अखेर ती नागपूरकडच्या जंगलातून आणली गेली. वीस माकडं, पाच-पाचांचे चार गट. चौदा दिवसांच्या अंतराने दोन डोस, आणखी चौदा दिवस थांबून जिवंत विषाणू. लस दिलेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला नाही. चित्रपटाचा जीव खरं तर इथेच आहे. ही धावपळ पडद्यावर येते तेव्हा घोषणांची गरजच उरत नाही.

मारलेल्या जंतूची युक्ती जुनी. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत मांसरसात वाढवलेले प्लेगचे जंतू उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी प्लेग बंगळुरूत पोचला. दाट पेठेतली माणसं मोकळ्या जागेकडे सरकली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडीची आखीव वस्ती त्या साथीनंतर भरली. मल्लेश्वरमचे सरळ क्रॉस रस्ते आणि घरांमागच्या सफाईच्या बोळी ही त्या धास्तीचीच खूण.

चित्रपट घसरतो तो पत्रकाराला खलनायिका करताना. लशीबद्दल शंका घेणारा प्रत्येक जण देशाच्या वाईटावर टपलेला, असा त्याचा सूर आहे. शंकांना कारणं होती. 2 जुलै 2020 च्या पत्रात भार्गवांनी 15 ऑगस्टपर्यंत लस आणण्याची भाषा केली होती. 3 जानेवारी 2021 ला आपत्कालीन मंजुरी मिळाली तेव्हा 25,800 स्वयंसेवकांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालूच होती. 77.8 टक्के परिणामकारकतेचा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला तो नोव्हेंबर 2021 मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही त्याच महिन्यात. तोवर कोट्यवधी दंडांत ती लस टोचून झाली होती.