गदा आणि गल्ला

कुस्तीच्या शौकिनांमध्यें एक मत फार बळावत चाललें आहे. तें असें कीं, ज्यानें स्वतः तांबड्या मातींत आयुष्य घातलें, कान मोडून घेतले, गदा खांद्यावर मिरविली, त्या मल्लानेंच पुढें मैदानें भरविण्याचा उद्योग हातीं घेतला म्हणजे कुस्तीचे सारे भोग संपतील. व्यापारी ठेकेदार पैलवानाला नाडील, पुढारी त्याला मिरवून सोडून देईल. परंतु पैलवानच ठेकेदार झाला, तर तो आपल्या पेशाच्या पोराचा गळा कसा कापील? पुण्याच्या तालमींत हें मत ऐकूं येतें, आणि चैत्रांत भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून यात्रांचे आखाडे भरूं लागले म्हणजे तेथल्या पारावरहि तेंच ऐकूं येतें. मत मोठें गोड आहे, आणि गोड असल्यामुळेंच तें कोणी तपासून पाहत नाहीं. आमच्या मतें तें चुकीचें आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या पोरांच्या कल्याणाच्या नांवानें तें सांगितलें जातें, त्यांनाच तें घातक आहे.

प्रथम ठेकेदारीचा व्यवहार काय आहे तो पाहूं. तिकिटांचे, देणगीदारांचे, जाहिरातींचे आणि हल्लीं प्रक्षेपणाच्या हक्कांचे पैसे एका बाजूनें येतात. जागा, मंडप, पंच आणि मल्लांचीं इनामें यांवर ते दुसऱ्या बाजूनें जातात. मधें जें उरेल ती ठेकेदाराची मिळकत. म्हणजे मल्लाचें इनाम हा ठेकेदाराच्या वहींत खर्च होय. हाच मनुष्य काल मल्ल होता, तेव्हां इनाम ही त्याची जमा होती. जी रक्कम काल जमेच्या रकान्यांत होती ती आज खर्चाच्या रकान्यांत गेली, आणि मनुष्य मात्र तोच राहिला! आतां मनुष्याची आठवण बलवत्तर कीं वहीचा रकाना बलवत्तर, एवढाच काय तो वाद आहे. शौकीन म्हणतात, आठवण. जगाचा अनुभव निराळा आहे.

मुष्टियुद्धाच्या धंद्यांत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. अमेरिकेच्या ऑस्कर डी ला होया यानें 1992 सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें, पुढें सहा निरनिराळ्या वजनगटांत जगज्जेतेपदें मिळविलीं, आणि या शतकाच्या आरंभीं ‘गोल्डन बॉय’ या नांवानें स्वतःची ठेकेदार-कंपनी काढली. मुष्टियोद्धाच मालक झाला, आतां मुष्टियोद्ध्यांचें राज्य आलें, असें त्याच्या चाहत्यांना वाटलें. 2004 मध्यें पोटांत ठोसा लगावून त्याला खालीं बसविणारा बर्नार्ड हॉपकिन्स पुढें त्याच कंपनींत भागीदार झाला, तेव्हां तर ही गोष्ट पुराणांतल्यासारखी वाटूं लागली. 2018 मध्यें त्या कंपनीचा सर्वांत मोठा मल्ल, मेक्सिकोचा ‘कानेलो’ आल्वारेझ, याच्या 11 लढतींसाठीं एका प्रक्षेपण-कंपनीशीं 36 कोटि 50 लाख डॉलरांचा करार झाला. आणि 2020 च्या सप्टेंबरांत याच आल्वारेझनें प्रक्षेपण-कंपनीबरोबर आपल्या ठेकेदारालाहि कोर्टांत खेंचलें. नोव्हेंबरांत तो वेगळा झाला. त्या दाव्यांत कोणाची बाजू खरी होती, हा येथें आमचा प्रश्न नाहीं. ठोसे खाल्लेल्या मालकाच्या पदरीं असलेल्या मल्लालाहि शेवटीं न्यायासाठीं मालकाच्या अंतःकरणाकडे न जातां कोर्टाकडे जावें लागलें, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

त्याच देशांत 2000 सालीं मुहम्मद अली याच्या नांवानें एक कायदा झाला. ठेकेदार हा पूर्वीं मुष्टियोद्धा असावा, असें त्या कायद्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ठेकेदारानें लढतीपासून आपल्याला काय मिळतें तें मुष्टियोद्ध्याला कळवावें, आणि ठेकेदार व मुष्टियोद्ध्याचा कारभारी हे एकाच पैशानें बांधलेले नसावेत, अशा साध्या गोष्टी त्यानें घालून दिल्या. जगांतल्या सर्वांत लोकप्रिय मुष्टियोद्ध्याच्या नांवाचा कायदा मुष्टियोद्ध्याच्या चांगुलपणावर विसंबत नाहीं, हिशेबावर विसंबतो. हें आमच्या शौकिनांनीं ध्यानांत घ्यावें.

मग शौकिनांची ही समजूत आली कोठून? आमच्या मतें ती आश्रयदाता आणि ठेकेदार यांतला भेद विसरल्यामुळें आली आहे. राजर्षि शाहू छत्रपति स्वतः कुस्ती जाणणारे होते. त्यांनीं कोल्हापुरांत खासबागेचें मैदान बांधविलें, तें 1912 मध्यें खुलें झालें. देशोदेशींचे मल्ल त्यांनीं पदरीं बाळगले. भोरलाहि 1948 पर्यंत पंतसचिवांचें संस्थान होतें. दरबारचा आश्रय म्हणजे काय, हें या भागाला सांगावयास नको. आश्रयदाता देतो, आणि त्याबद्दल कीर्ति घेतो. त्याच्याकडे हिशेब मागण्याचें प्रयोजनच नसतें, कारण पैसा त्याच्या खजिन्यांतला असतो. ठेकेदार लोकांकडून घेतो आणि त्यांतून देतो. संस्थानें गेलीं, पण त्यांच्यापुढें वांकण्याची संवय गेली नाहीं. आणि जो मुजरा आश्रयदात्याला शोभला असता तो आम्ही ठेकेदाराला करीत आहों. त्याच्या खांद्यावर जुनी गदा असली कीं गल्ल्याकडे पाहणें आम्हांस असभ्यपणाचें वाटतें.

कोणी म्हणतील, कोठें अमेरिकेचे कोट्यवधि डॉलर आणि कोठें आमच्या यात्रेचा आखाडा! ठीक आहे, यात्रेच्या आखाड्याकडेच येऊं. दुपारीं हलगी वाजते, लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या सुरू होतात, मग इनामें चढत जातात, आणि दिवस मावळतां मावळतां एक नंबरची कुस्ती लागते. प्रारंभींच्या कुस्त्या भातखाचरांत राबणाऱ्या घरांतलीं पोरें करतात, शेवटची बाहेरगांवचे नामांकित मल्ल करतात. जाहिरातीवर मोठीं नांवें शेवटच्या जोडीचीं असतात, गर्दी त्यांच्यासाठीं असते. आतां असें समजा कीं ही शेवटची कुस्ती निकाली न होतां बरोबरींत सुटली. शौकिनाचा विरस झाला, पण ठेकेदाराचें काय बिघडलें? दोन्ही नांवें शाबूत राहिलीं, आणि हीच जोड पुढच्या गांवीं पुन्हा विकतां आली. ‘नूरा कुस्ती’ हा शब्द लोकांच्या तोंडीं फुकट आलेला नाहीं. ही चाल कुस्तीचा गंध नसलेल्या ठेकेदारापेक्षां जुन्या मल्ल-ठेकेदाराला अधिक चांगली साधेल, कारण कोणत्या पकडींत किती वेळ दवडला तरी लोकांना तो झगडा वाटतो, हें त्याच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? प्रत्येक जुना मल्ल असें करतो, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्ञान हा सचोटीचा पुरावा नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

त्याहून नाजूक प्रश्न पंचाचा आहे. 2023 च्या जानेवारींत पुण्यांत कोथरूडला झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेंत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या लढतींत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले, आणि त्यावरून महाराष्ट्रभर रण माजलें. 2025 च्या फेब्रुवारींत अहिल्यानगरला शिवराज राक्षे व पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीच्या निकालावरून राक्षे पंचाच्या अंगावर गेला. अंतिम लढत गायकवाड अर्धवट सोडून गेला. दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. या प्रसंगांत आयोजकांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पंच कोणाचा, ही शंका एकदां मनांत शिरली म्हणजे खरा निकालहि खोटा दिसतो, हें या दोन प्रसंगांनीं सिद्ध केलें. आतां याच ठिकाणीं अशा जुन्या मल्लाची कल्पना करा, जो एका तालमीचा वस्ताद आहे, त्याच तालमीचा पठ्ठा त्याच मैदानांत उतरला आहे, आणि पंचहि त्यानेंच बोलाविले आहेत. निकाल कितीहि न्यायाचा असो, त्यावर कोणाचा विश्वास बसेल? आपल्याच खटल्यांत आपणच न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत जितकें खरें आहे तितकेंच हौद्यांतहि खरें आहे.

या मुद्द्यावर शौकीन खाशाबा जाधवांचें नांव पुढें करतात, आणि तें पुढें करण्याजोगेंच आहे. 1952 सालीं हेलसिंकीला जाण्यासाठीं त्यांच्याजवळ पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनीं कुस्त्या भरविल्या, त्यांत स्वतः लढले, आणि गुरूचें घर सोडविलें. मल्लानें मैदान भरविल्याचें याहून उज्ज्वल उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पण तें उज्ज्वल कशामुळें झालें? पैसा कशासाठीं हवा, तो कोणाला जाणार, हें उघड होतें. आणि पाठ मातीला लागली असती तर ती खाशाबांची स्वतःची लागली असती. दुसऱ्याच्या पोराचा गुडघा पणाला लावून त्यांनीं स्वतःचें देणें फेडलें नाहीं. ज्यांना खाशाबांचा दाखला द्यावयाचा आहे त्यांनीं त्यांच्या पदकाबरोबर हीं दोन्ही कलमेंहि पत्करावीं.

शौकिनांचा दुसरा एक पंथ आहे; तो म्हणतो, मल्लानें पैशाला शिवूंच नये, शिवला कीं तो बाटला. या पंथाशीं आमचें मुळींच जमत नाहीं. पस्तिशी उलटली म्हणजे मल्लाचें शरीर त्याला सोडून जातें. खुराकाचें कर्ज मात्र राहतें. खाशाबांसारख्या ऑलिंपिकवीराला पोलिसखात्यांत नोकरी करावी लागली, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1984 मधील अपघाती मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. ज्यांनीं मल्लांना असें वागविलें त्यांनींच त्यांना वैराग्याचा उपदेश करावा, हा निर्लज्जपणा आहे. जुन्या मल्लानें मैदानें अवश्य भरवावीं, त्यांतून पोट अवश्य भरावें. जोड कशी लावावी, कोणतें पोर अजून कच्चें आहे, कोणती कुस्ती वेळेवर सोडविली पाहिजे, हें त्याच्याइतकें कोणाला कळणार? हरकत त्याच्या कमाईला नाहीं. गदेचा बुरखा घालून हिशेब चुकविण्याला आहे.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या यात्रा-कमिट्यांना आणि शौकिनांना आमचें सांगणें आहे. जो कोणी मैदान भरवील, मग तो सावकार असो कीं केसरी, त्यानें कोणत्या कुस्तीला किती इनाम आणि तें कोणाचें, याचा फलक आखाड्याच्या तोंडाशीं लावावा. पंच बाहेरगांवचे असावेत, आणि त्या दिवशीं ज्याचा पठ्ठा लढणार आहे त्यानें पंच नेमूं नये. पहिली हलगी वाजण्याआधीं जमलेल्या पैशांतून एक वांटा हात-पाय मोडणाऱ्या मल्लाच्या औषधासाठीं बाजूला काढावा. यात्रा उठल्यावर जमाखर्च देवळांत वाचून दाखवावा. यांत मल्लाचा अपमान कसला? देवाच्या पालखीचा हिशेब आम्ही दरसाल मागतों, तेव्हां देवाचा अपमान होत नाहीं.

नामांकित मल्लाला फेटा बांधावयास शौकीन धांवतात, तें योग्यच आहे. परंतु नारळावरच्या कुस्तींत ज्या पोराचा गुडघा गेला, त्याच्या बापाला दुसऱ्या दिवशीं पुण्याच्या दवाखान्याचा खर्च कोणीं दिला, हा प्रश्न फेटा बांधतांनाच विचारला पाहिजे. जो जुना मल्ल या प्रश्नाचें उत्तर वही उघडून देईल, त्याची गदा खरी. जो प्रश्न ऐकूनच रागावेल, त्याला त्याच्या कुस्तीबद्दल मान जरूर द्यावा. मैदान मात्र देऊं नये.